येते म्हणाली

अख्ख्या अमेरिकेत कुठूनही कधीच न गेलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे अलास्कातले आमचे काका. सख्खे नव्हेत हो. ऐंशीच्या दशकात मी तिथे शिकायला गेले आणि दर रविवारी काकूंच्या वरणभातासाठी त्यांच्या दारात उभी राहू लागले, तेवढंच नातं. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे सांगलीचं वळण काकांनी इंग्रजीतही सोडलं नव्हतं. संध्याकाळी ऑफिसातून निघताना म्हणायचे, "ओके, आय कम." बिचारा अमेरिकन साहेब काकांच्या टेबलावरचा दिवा तसाच ठेवून, कॉफी गरम करून वाट बघत बसायचा. पुढे त्याला उलगडा झाला, पण तोवर दिवा ठेवायची सवय लागून गेली होती.

ध्रुवावरच्या पांढऱ्या अस्वलांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधायचे आणि ती बर्फावर कुठे हिंडतात ते उपग्रहाकडून कळलं की नकाशावर टाचण्या टोचायच्या, हे काकांचं काम. अस्वलं कुठे विणार ते कळलं तरच ती जगवता येणार होती. पट्टा फक्त माद्यांना, कारण नराची मान डोक्याहून जाड, पट्टा सुळकन निसटतो. "पुरुषाच्या गळ्यात काही टिकत नाही, मंगळसूत्र बायकांनाच," असं काका सांगू लागले की काकू भाजी जरा जोरातच वाढायच्या.

अस्वलांना नुसते नंबर देणं काकांना माणुसकीला धरून वाटेना. एकीला ते धाकटी म्हणत. एका हिवाळ्यात धाकटीचा सिग्नल एकाच जागी थांबला. पट्टा गळून पडला, ती मेली, की बर्फात बीळ करून बाळंतपणाला बसली, साहेबाला काही कळेना, आणि नेमके तिथूनच तेलविहिरीवाल्यांचे ट्रक जायचे होते. काका इरेला पेटले. "बाळंतिणीच्या खोलीवरून ट्रक नेतं का कुणी?" हे इंग्रजीत समजावता समजावता त्यांना घाम फुटला, पण साहेबाने ट्रकांचा रस्ता बदलून घेतला. घरी काकांनी डिंकाचे लाडू करायला लावले. धाकटी काही खायला येणार नव्हती, खाल्ले मी. वसंतात सिग्नल समुद्राकडे सरकू लागला तेव्हा बाळंतीण मीच दिसत होते. मुलगा की मुलगी हे उपग्रह सांगेना, म्हणून काकांनी ऑफिसात पेढेही वाटले आणि बर्फीही.

पुढच्या वर्षी तो सिग्नल क्षीण होत होत बंदच पडला. बॅटरी संपली असेल, नाहीतर धाकटीच. खरं काय ते कळायला मार्ग नव्हता. रविवारी काका भात चिवडत बसले. "काही न बोलताच," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकांना आणायला ऑफिसात गेले, तर ते नकाशासमोर हातात धाकटीची टाचणी घेऊन उभे. साहेब जवळ आला. "शी इज..." म्हणाला आणि काकांचं तोंड बघून थांबला. मग त्यांच्या हातातली टाचणी घेऊन त्याने पुन्हा होती तिथे टोचली.

"शी सेड, आय कम," तो म्हणाला.

आम्ही निघालो. साहेबाने मागचे सगळे दिवे मालवले, तो टेबलावरचा तेवढा ठेवला.