जोडीचं प्लगिन

कापसाच्या जिनिंग गिरणीच्या गेटावरचे काका आमच्या ऑफिसातल्या बाकावर बसून होते. हातात त्यांचा फोन, नजर सारखी माझ्याकडे.

"पोरी, शेवटची गाडी गेली तर मला जिंतूरला पायी जावं लागंल बरं का," ते हसून म्हणाले. मला काही हसू आलं नाही.

ऑफिस म्हणजे परभणीत औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालकीण ताई, एक इंजिनिअर दादा आणि मी. मी सिंधुदुर्गातली. नववीत शाळा सुटली. भावजींची बदली पूर्णा जंक्शनला झाली, तेव्हा बहिणीचं बाळ सांभाळायला म्हणून इतक्या लांब आले. ताईंनी संध्याकाळच्या वर्गात मला कॉम्प्युटर शिकवला आणि दाखला न मागता कामावर घेतलं. त्यांचे उपकार कुठल्या तोंडानं सांगू! पण पहिल्याच दिवशी त्यांनी एक सांगून ठेवलं होतं, "जिनिंगचं ॲप तुझ्याकडं. नीट चाललं तर तू हाय इथं. न्हाईतर मला शिकलेलं माणूस बघावं लागंल." ते वाक्य सोबत घेऊनच मी रोज पूर्णेहून यायचे.

ॲप साधंच. कापसाची गाडी आली की काकांनी फोनवर बटण दाबून तिला नंबर द्यायचा. पण नव्या फोनांवर ते चालेना. त्यासाठी ज्या भाषेत ते लिहिलंय, त्या कोटलिनची नवी आवृत्ती घ्यावी लागली. मी घेतली, आणि ॲप तयार व्हायचंच थांबलं. पडद्यावर नुसत्या लाल ओळी. उद्यापासून कापसाची खरेदी.

"तपासणी बंद कर ना," दादा म्हणाले. "एक ओळ टाकली की गुमान तयार होतं."

ॲपमधली बटणं, चौकटी फोनला समजतील अशा करून देणारं एक प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, असतं. भाषेची आवृत्ती आपल्याशी जुळते का, ते आधी तपासतं. जुळली नाही की अडून बसतं. दादांच्या त्या एका ओळीनं तपासणीचं तोंड बंद झालं. ॲप तयार झालं. काकांनी फोनवर घेतलं, 'नंबर द्या' दाबलं, आणि ॲप आपोआप बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद.

"हे तर हात लावला की पळून जायलंय की!" काका म्हणाले.

"घ्या, माझी अक्कल गेली वाया," दादांनी कपाळाला हात लावला. "काढ ती ओळ. सगळ्यात ताजं प्लगिन लाव."

ओळ काढली, ताजं प्लगिन लावलं. परत लाल. बहिणीला काय सांगायचं, हे मी मनात जुळवायलाही लागले होते.

तेवढ्यात ताई आतल्या खोलीतून आल्या. "काय झालं?"

"एरर आलाय."

"ते दिसायलंय मला. काय लिहिलंय? मोठ्यानं वाच."

हा ताईंचा नियमच होता. एरर आला की कीबोर्डवरून हात काढायचे, तो अख्खा मोठ्यानं वाचायचा आणि मग मराठीत सांगायचा. शाळेत इंग्रजी वाचायला उभं केलं की माझा आवाजच जायचा. इथं निदान घरचीच माणसं असायची. आज समोर काका.

वाचलं. अडखळत, एकेका शब्दाला बोट लावून. कुणी हसलं नाही.

"आता मराठीत."

"हे प्लगिन म्हणतंय, मला याच्याहून नवं कोटलिन पाहिजे." बोलता बोलता माझं मलाच उमगलं. "म्हणजे जुनं प्लगिन भाषेच्या मागं राहिलं होतं, आणि हे तिच्या पुढं गेलंय."

"मग मधलं बघा की," काका म्हणाले. "सोयरीक जमवायलात का ॲप करायलात?"

दादा हसले आणि त्यांनी प्लगिनचं माहितीचं पान उघडून दिलं. कोटलिनच्या कुठल्या आवृत्तीला कुठलं प्लगिन, सगळं समोरासमोर मांडलेलं. आमची आवृत्ती सापडली. तिच्या जोडीचं प्लगिन लावलं.

"तपासणी गप्प करायची ती ओळ?" ताईंनी विचारलं. दादांचं बोलणं त्यांना आत ऐकू आलं असणार.

"काढली मघाशीच."

ॲप तयार झालं. पण तयार तर ते मघाशीही झालं होतं. काकांनी नवं ॲप फोनवर घेऊन बटण दाबलं तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. एक नंबर आला. मग दोन. त्यांनी ॲप बंद करून उघडलं. तीन.

"टिकलं!" काका उठले. दारात थांबून दादांकडे बघत म्हणाले, "उद्या गेटावर बिघडलं तर फोन साहेबांना लावू का?"

"हिला लावा," ताई म्हणाल्या. "ही इथंच असती."

काकांनी माझा नंबर 'ॲपवाली पोरगी' म्हणून फोनात टाकून घेतला आणि जिना उतरून स्टँडकडे पळाले. मी माझ्या फोनवर ॲप उघडून नंबर देत बसले. चार, पाच, सहा.

"अगं, बास की आता," ताई म्हणाल्या. "पूर्णेची गाडी चुकंल तुझी."