झुडपापाशी थांबलेला खंड्या

टेकडीच्या चढावर घाणेरीचं झुडूप आलं की आमचा म्हातारा कुत्रा खंड्या त्यात नाक खुपसून उभा राहतो. सांगायला लाज वाटते, पण इतकी वर्षं मी अशा वेळी पट्ट्याला हिसकाच देत आलो. बायको म्हणायची, "अहो, घेऊ द्या की त्याला वास! कुठली गाडी चुकतेय तुमची?"

मध्यंतरी एकदा मात्र मी खाली वाकून पाहिलं. खंड्या वास घेतच नव्हता. त्याला धाप लागली होती. चढावर दमलेला माणूस गाव बघायचं निमित्त करून थांबतो ना, तसाच तो उभा होता. शेपूट तेवढं मला दिसेल असं हलवत होता.

डॉक्टर म्हणाले, "वय झालंय हो. वयावर काय औषध देऊ?" घरी ठेवावा, तर तोंडात पट्टा धरून दाराशी बसतो.

आता तो थांबला की मीही थांबतो. बुटाची घट्ट बांधलेली नाडी सोडतो आणि त्याची धाप बसेपर्यंत सावकाश बांधत राहतो. हल्ली ती बांधून होते, तरी त्याची धाप बसत नाही. मग मी दुसरी सोडतो.