गाळलेली ओळ

आमच्या प्रार्थनागृहाच्या समितीत सात माणसं आहेत आणि त्यातल्या चौघांच्या तोंडात मास्तरांनी बनवलेले दात आहेत. त्याच दातांनी ते मास्तरांना चावले. हे वाक्य मी वर्षभर मनात घोळवत होतो, आज लिहून टाकलं. लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. पोटापाण्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, घासायची मोटर, प्लास्टरची पोती, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि खिडकीत वाळत ठेवलेले जबडे. रविवारी सकाळी मात्र ते अंगावरची पांढरी भुकटी झटकून प्रार्थनागृहामागच्या खोलीत यायचे आणि आम्हा ज्यू पोरांना हिब्रू अक्षरं आणि तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला शिकवायचे. एकतीस वर्षं शिकवलं. एक पैसा घेतला नाही, हे सांगायची गरज नाही, कारण समितीने तो कधी देऊ केलाच नव्हता. मी त्यांच्याच हाताखालून गेलो. माझी मुलगीही गेली.

नवी कवळी बसवली की मास्तर गिऱ्हाइकाच्या दातांमध्ये निळा कागद धरायला द्यायचे. ‘चावा. आता कुठे टोचतं सांगा.’ पुष्कळ जण भिडेखातर म्हणायचे, ‘छान बसलीय, मास्तर.’ मग मास्तर उखडायचे. ‘छान बसलीय तर डोळ्यांत पाणी का? टोचतं ते बोललात तर मी घासीन ना!’ वर्गातही हाच खाक्या. आल्या आल्या सगळ्यांची दप्तरं ते आपल्या टेबलाखाली रचून ठेवायचे आणि वर्ग सुटताना प्रत्येकाने एक प्रश्न दिल्याशिवाय दप्तर परत मिळायचं नाही. भूक लागलेली पोरं काहीच्या बाही विचारायची. मास्तर तेही गंभीरपणे ऐकायचे. उत्तर येत असेल तर सांगायचे. येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ असं खणखणीत म्हणायचे, एखादा आपली पदवी सांगेल तसं. मग चिठ्ठीवर काहीतरी खरडून ती खिशात टाकायचे. त्या चिठ्ठ्या प्लास्टरमध्ये कालवल्या जात असणार, अशी आमची खात्री होती.

मी नऊ वर्षांचा असताना विचारलं होतं, ‘देवाला सगळं ऐकू येतं, तर आपण तोरा मोठ्याने का वाचतो?’ मास्तर म्हणाले, ‘मला माहीत नाही.’ चिठ्ठी खिशात गेली, मला दप्तर मिळालं आणि मी घरी पळालो.

आता ती ओळ. तोरा वर्षभरात भागाभागाने वाचून पुरी होते, दर शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, एक भाग. हाताने लिहिलेली गुंडाळी टेबलावर पसरतात, वाचणारा चांदीच्या काडीने ओळ दाखवत वाचतो. गुंडाळीत विरामचिन्हं नसतात, तेव्हा नजर घसरायला वेळ लागत नाही. म्हणून शेजारी एक जण छापील पुस्तक हातात धरून प्रत्येक शब्दावर बोट ठेवत उभा असतो. चूक झाली की तिथल्या तिथे सांगायचं आणि वाचणाऱ्याने मागे जाऊन पुन्हा वाचायचं. चूक कोणीही दाखवावी, अगदी शेंबड्या पोरानेही. मास्तरांनी त्याची रीत शिकवली होती. बोट रोखायचं नाही, तळहात टेबलावर ठेवायचा, एवढंच म्हणायचं, ‘राहिलं.’ आणि वाचणाऱ्याने काय म्हणायचं? ‘बरं झालं सांगितलंत.’ आम्ही हे आळीपाळीने मुद्दाम चुका करून घोकलं होतं.

गेली सहा वर्षं पुस्तक धरायचा मान माझ्याकडे आहे. मान म्हणायचं आपलं.

त्या शनिवारी वाचायला समितीचे अध्यक्षसाहेब होते. आवाज भरदार, वाचन पाठ, आणि पाठ आहे याची घमेंड वाचनाच्या दुप्पट. भाग नावांच्या यादीचा होता. अमक्याचा मुलगा तमका, त्यांच्या घराण्याची माणसं इतकी, की लगेच पुढचं घराणं. प्रत्येक ओळीचा शेवट सारखाच. अध्यक्षसाहेबांची काडी एका शेवटावरून थेट दुसऱ्या शेवटावर गेली. मधलं एक अख्खं घराणं गायब. माझं बोट त्या घराण्यावर होतं. तिथेच थांबलं. माझी दातखीळ बसली.

तेवढ्यात वरच्या सज्जातून, बायकांच्या बाजूने, बारीक पण स्पष्ट आवाज आला, ‘राहिलं! एक ओळ राहिली!’

आवाज माझ्या मुलीचा होता. दहा वर्षांची. तिच्या प्रश्नांमुळे मास्तर तिला ‘वकीलीणबाई’ म्हणायचे. एका हातात छापील पुस्तक, आणि दुसरा तळहात तिने सज्जाच्या लाकडी कठड्यावर ठेवला होता, शिकवल्याबरहुकूम. अध्यक्षसाहेब वाचतच राहिले. खालून कोणीतरी ‘शूऽऽ’ केलं. तेव्हा शेवटच्या बाकावरून मास्तर उठले. ‘साहेब, मुलगी बरोबर सांगतेय. मागे या.’ साहेब आले नाहीत. भाग संपला, गुंडाळी बांधली आणि सगळे एकमेकांना शुभेच्छा देत बाहेर पडले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते हेच.

सोमवारी समिती बसली, त्याच मागच्या खोलीत. मास्तरांना आणि मला बोलावलं होतं. अध्यक्षसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. ओळ राहिली नव्हती, पोरीला नीट दिसलं नाही, तिने माफी मागावी. आणि मास्तरांनी पोरांना मोठ्यांच्या चुका काढायला शिकवणं बंद करावं.

‘आणि राहिली असती तरी,’ खजिनदार म्हणाले, ‘नावांची यादीच तर होती!’

‘ज्यांची नावं गाळली त्यांना विचारा ना,’ मास्तर म्हणाले. मग ते हात जोडून उभे राहिले. ‘मी माफी मागतो. माझा आवाज चढला असेल, त्याची. सगळ्यांदेखत उभा राहिलो, त्याची. अजून काही असेल तर तेही सांगा, त्याचीही मागतो. पण मुलीने पाहिलं ते पाहिलं. पाहिलं नाही असं बोल म्हणून मी तिला सांगणार नाही.’

अध्यक्षसाहेब माझ्याकडे वळले. ‘पुस्तक तुझ्या हातात होतं. तूच सांग बाबा. राहिली का ओळ?’

मी लिफ्ट दुरुस्त करतो. अध्यक्षसाहेबांच्या तीन इमारती आहेत, तिन्हींच्या लिफ्ट माझ्याकडे. दोरखंड, ब्रेक, दारं, महिन्याची तपासणी. खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेरच्या पायरीवर माझी मुलगी तिच्या आईजवळ बसली होती. ते मला माहीत होतं.

‘माझं लक्ष नव्हतं, साहेब,’ मी म्हणालो.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाच मिनिटांत ठराव झाला. वर्ग बंद. पुढच्या महिन्यात नवे शिक्षक आले, चांगले सुटाबुटातले. त्यांनी छापील कागद वाटले. प्रश्न कागदावरच आणि उत्तरंही खाली उलटी छापलेली. मुलं खूश, पालक त्याहून खूश. मुलं आता प्रार्थना तोंडपाठ म्हणतात, कुठे अडखळत नाहीत. बोलक्या पोपटांची स्पर्धा ठेवली तर आमच्या पोरांचा पहिला नंबर येईल.

मास्तर दर शनिवारी येतच राहिले. शेवटच्या बाकावर बसायचे. मला वाटायचं, एकदा तरी बोलतील, चारचौघांत अब्रू काढतील. नाही! शेवटी मीच गेलो. ते कुणाच्या तरी वरच्या कवळीला सुळे बसवत होते.

‘मास्तर, मी खोटं बोललो,’ मी म्हणालो.

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘तो चिमटा दे इकडे.’

मी चिमटा दिला. सुळा मेणात बसला. मग म्हणाले, ‘तुला शिकवताना माझीच एखादी ओळ गाळली असेल.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोष माझा, आणि तोही हा माणूस उचलून स्वतःच्या खिशात घालतोय! ‘शिव्या द्या मला!’ मी ओरडलो. ‘दोन थोबाडीत मारा!’

‘त्याने काय होणार?’ ते म्हणाले. ‘जिथे टोचतं तिथे जाऊन सांग.’

मी तिथे गेलो नाही. उद्या जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत दहा महिने काढले. मग एका सकाळी मास्तर टेबलावरच कलंडले आणि संपले. दफनाच्या वेळी अध्यक्षसाहेबांनी भाषण केलं. ज्ञान, नम्रता, त्याग, सगळं आलं. मेल्या म्हशीला मणभर दूध. बोलताना मास्तरांनी घडवलेले दात चकाकत होते आणि मला ते उपटून घ्यावेसे वाटत होते. हे वाईट आहे, पण वाटलं ते वाटलं.

खोली रिकामी करायची होती. घासायच्या मोटरची जोडणी काढायला मास्तरांच्या पुतणीने मला बोलावलं. वायर मोठ्या कपाटामागून गेली होती, म्हणून मी कपाट उघडलं. दाराची आतली बाजू वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने लिहिलेली. प्रश्नच प्रश्न. चिठ्ठ्या प्लास्टरमध्ये गेल्याच नव्हत्या. मास्तर त्या घरी आणून इथे उतरवायचे, विचारणाऱ्याच्या नावासकट. ‘हे न सुटलेले,’ पुतणी म्हणाली. ‘काका रोज सकाळी दार उघडून वाचायचे.’

वरच्या कोपऱ्यात माझा सापडला. ‘देवाला ऐकू येतं तर मोठ्याने का वाचायचं?’ त्याच्यासमोर, खूप नंतरच्या थरथरत्या अक्षरांत: ‘कदाचित शेजाऱ्याला आपली चूक सापडावी म्हणून.’

सगळ्यात खालचा प्रश्न माझ्या मुलीच्या नावावर होता. ‘बाबांचं बोट त्याच ओळीवर थांबलं होतं. मी वरून पाहिलं. मग बाबा का बोलले नाहीत?’ समोरची जागा कोरी.

म्हणजे तिने पाहिलं होतं. आणि वर्षभर माझ्यासमोर बसून जेवली, मला गणितं विचारली, बूट कुठे आहेत विचारलं, आणि हे विचारलं नाही. हे विचारायला ती मास्तरांकडे गेली. मी मोटर खांद्यावर घेऊन जिना उतरलो, तेव्हा मला मास्तरांचासुद्धा राग आला होता. सांगायला नको का माणसाने!

वर्ष फिरून तोच शनिवार आला, तीच यादी. वाचायला अध्यक्षसाहेबच. मी पुस्तक धरून उभा राहिलो आणि मनाशी ठरवलं, आज काय वाट्टेल ते होवो, ओळ गाळली की तळहात टेबलावर. काडी त्या घराण्यापाशी आली. आणि साहेबांनी ओळ वाचली! स्पष्ट, सावकाश, एकेक नाव उच्चारून. घरी घोकून आले होते. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि आता काही घडलंच नव्हतं अशा थाटात ते पुढच्या घराण्याकडे निघाले होते.

मी तळहात टेबलावर आपटला.

‘काय राहिलं?’ साहेब गुरगुरले. ‘वाचली की!’

‘आज वाचली. गेल्या वर्षी राहिली होती,’ मी म्हणालो. ‘मुलीने बरोबर सांगितलं होतं. माझं बोट ओळीवर होतं. मी पाहिलं होतं आणि समितीपुढे खोटं बोललो. मास्तरांचा वर्ग माझ्या खोट्यावर बंद झाला.’

कोणीतरी ‘शूऽऽ’ केलं. मी हात काढला नाही. साहेबांनी ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणायला हवं होतं, रीत तशी आहे. ते म्हणाले, ‘झालं तुझं? वाचू पुढे?’ आणि वाचलं. तिन्ही लिफ्टचं काम सोमवारी गेलं. जाऊ दे खड्ड्यात. वर्ग काही त्याने परत सुरू झाला नाही.

पण त्या शनिवारी घरी परतताना मला छाती जरा मोकळी वाटत होती. शब्बाथला आम्ही लिफ्ट वापरत नाही, जिन्याने चढत होतो. मुलगी दोन पायऱ्या पुढे होती. तिसऱ्या मजल्यावर थांबून ती वळली.

‘बाबा, काय झालं ते तुम्ही सांगितलंत. मी मास्तरांना विचारलं होतं ते “का?”’

मी कठडा धरला. ‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

‘मास्तर तसं म्हणायचे, तेव्हा त्यांना खरंच माहीत नसायचं,’ ती म्हणाली.