तिसऱ्या अंकातली पोरगी

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बाबा शाळामास्तर, आणि आमच्या गावच्या मंडईचं नाटक तेच लिहायचे. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्राच भरते, पाहुणे येतात, रात्रभर नाटक चालतं. नायिका वडशाच्या नाटक कंपनीतून यायची, तीही नाटकाच्या दिवशीच. तोवर तालमीत तिच्या जागी मी उभी. बारावी पास होऊन घरीच बसले होते.

बाबांच्या नाटकातली पोरगी पहिल्या अंकात नुसती "हो" म्हणायची. दुसऱ्या अंकात तिचं लग्न ठरतं, आणि तिथंच बाबा अडले. विहाराच्या ओट्यावर बसून मला म्हणाले, "तू तिच्या जागी असती त का केलं असतं वं?"

"मी बोलली नसती. भांडे आपटले असते."

"वा!" त्यांनी भांडी लिहून घेतली. "अन् तिसऱ्या अंकात?"

"म्हणली असती, मले शिकाचं आहे. मले इचारलं काऊन नाई?"

बाबांचे डोळे भरले. खरंच भरले. "आता जित्ती झाली पोरगी," म्हणाले. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकायचा विषय मी तेव्हाच काढणार होते. पण म्हटलं, आता काय सांगायचं राहिलं? बाबांना कळलंच की सगळं!

आमच्याकडे मंडईला लोक नाटक बघतात, तशा पोरीही बघतात. निम्म्या सोयरिकी त्यातच जुळतात. त्या वर्षी आमच्याकडे पोंभुर्ण्याचे पाहुणे उतरले होते. नायिकेनं माझं वाक्य म्हटलं आणि मंडप टाळ्यांनी दणाणला. पाहुण्यांनी तर उठून टाळ्या वाजवल्या.

सकाळी मी चहा घेऊन गेले, तर बाबा आणि पाहुणे लग्नाचा महिना धरत होते. माझ्या लग्नाचा.

मी ट्रे हातात धरूनच म्हटलं, "बाबा, मले शिकाचं आहे. मले इचारलं काऊन नाई?"

पाहुणे खो खो हसले. "पोरीले नाटक पाठ आहे ना बाप्पा!"

बाबाही हसले. मग हळूच म्हणाले, "तिसऱ्या अंकातलं इथी नोको आणू बाई. चहा दे."

चुलीपाशी आई पुटपुटली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." तेवढंच.

मी चहा दिला. राग आला नाही, रडूही नाही. धानाच्या रोवणीच्या चिखलात दिवसभर उभं राहिलं की पाय आपले वाटत नाहीत, तसं सगळं अंगच झालं. लग्नाचं म्हणाल तर हळदीचा वास तेवढा आठवतो.

ते नाटक पुढे पुष्कळ मंडयांना झालं. बाबा दर साली त्या पोरीला आणखी धीट करायचे. शेवटी शेवटी तर ती वकील झाली. "नाटकाले ये," असा निरोप यायचा. मी जायची. बायांच्या बाजूला, मांडीवर लेकरू घेऊन बसायची. तिसऱ्या अंकात ते वाक्य आलं की सगळे टाळ्या वाजवत. मीही वाजवायची.