झोपून बघायची खोली

खोली बघायला गेलं की लोक नळ सोडून बघतात, भिंतीला ओल आलीय का बघतात. हा गडी सरळ जमिनीवर आडवा व्हायचा. पहिल्या वेळी दलाल दचकलाच. त्याला वाटलं, भाडं ऐकून भोवळ आली.

"घाबरू नका," बायको म्हणाली, "ते झोपून बघतायत."

यात वेडेपणा काहीच नव्हता. तो एका बेकरीत रात्रपाळीला पीठ मळायचा आणि दिवसा झोपायचा. त्याच्या बहिणीने त्याचं नावच घुबड ठेवलं होतं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. लग्न झाल्यापासून दोघं शहराच्या पार टोकाला, त्या बहिणीकडेच राहत होती. सकाळी तो जिना चढायचा तेव्हा ही उतरत असायची. संध्याकाळी ही चढायची तेव्हा तो निघालेला. मधल्या पायरीवर डबा, किल्ली आणि जमलंच तर दोन शब्द. "अगं, तुमचा संसार माझ्या जिन्यातच चाललाय," असं म्हणून वन्सं खो खो हसायच्या. हिला मात्र हल्ली त्या विनोदाचं हसू येईनासं झालं होतं. आपला नवरा जेवताना कसा दिसतो हेच आपण विसरत चाललोय, असं तिला वाटायचं.

म्हणून खोली घ्यायची ती तिच्या दुकानाच्या भागातच, असं दोघांनी पक्कं केलं. दुपारच्या सुट्टीत ती घरी येईल, तो उठेल, दोघं समोरासमोर बसून जेवतील. मागणं एवढंच. पण तो भाग म्हणजे नुसता गोंगाट. दुकानांना दुकानं चिकटलेली, त्यात खानावळी, नाटकगृह, हॉर्न आणि त्या हॉर्नवर मात करणारे फेरीवाले. तिथे दिवसाढवळ्या डोळा लागायचा कसा?

पहिल्या खोलीच्या खाली नाचाचा क्लास निघाला. तो आडवा झाला आणि खालून "एक, दोन, तीन" सुरू झालं. "चार" ऐकायच्या आत तो दाराबाहेर होता.

दुसरी खोली चिडीचूप. तिथे तो पडला आणि थोड्याच वेळात त्याची बोटं हलायला लागली. ही त्याची खास खूण होती, आणि ती फक्त बायकोला ठाऊक होती. खरी झोप लागली की त्याचे हात पीठ मळायचे. उशी, चादर, जे सापडेल ते. नव्या लग्नात त्याने तिचं कोपर मळलं होतं आणि ती किंचाळून उठली होती.

"घेऊन टाका ताई, अशी शांतता मिळायची नाही," दलाल म्हणाला.

खोली गोड होती, पण पडत होती उड्डाणपुलाच्या पलीकडे. दुकानातून यायचं आणि परत जायचं, यातच सुट्टी संपली असती. तरी ती म्हणाली, "हीच घेऊ. तुमची झोप महत्त्वाची."

"मग जिना काय वाईट होता?" डोळे चोळत तो म्हणाला आणि चपला घालायला लागला.

तिसरी खोली बरोब्बर तिच्या दुकानासमोर. खिडकीतून दुकानाच्या पाटीवरचा भलामोठा चष्मा दिसत होता. खिडकीखाली मात्र किल्लीवाला बसायचा आणि त्याचं यंत्र कानठळ्या बसतील असं कर्कश ओरडत होतं. पलीकडे बसथांबा. हा आडवा झाला, डोळे मिटले आणि लगेच घोरायलाच लागला.

"बघा!" दलाल खूश झाला आणि मालकीणबाईंना बोलवायला खाली पळाला.

तिने हातांकडे पाहिलं. छातीवर ठेवलेले दोन्ही हात स्वस्थ होते. आणि हा माणूस तर जन्मात कधी घोरला नव्हता. एका जेवणासाठी हा रोजच्या झोपेवर पाणी सोडायला निघालाय! तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"नाटकी कुठले," ती म्हणाली. "सरका जरा."

घोरणं बंद पडलं. "कशावरून कळलं?"

"सांगणार नाही. पडा गप."

दिवसभर पायपीट करून तिचेही पाय बोलत होते. ती त्याच्या शेजारी उघड्या फरशीवर आडवी झाली. छताकडे बघत सांगायला लागली, शेगडी तिथे, कपाट इथे, टेबल मात्र खिडकीशीच हवं. खाली किल्लीवाल्याने नवी किल्ली लावली, यंत्र पुन्हा केकाटलं.

"टेबल गोल घ्यायचं की चौकोनी?" तिने विचारलं.

तिच्या बाहीची कड हळूच ओढली गेली, दुमडली गेली, दाबली गेली. मग पुन्हा ओढली गेली.

तेवढ्यात मालकीणबाई धापा टाकत दारात आल्या. "काय मग, घेताय ना खोली?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

तिने हात हलू दिला नाही.

"घेतली," ती म्हणाली. "पण हळू बोला, झोपलेत ते."