माशाचा चिमटा

सिद्धरामावर माज्याएवढी भक्ती आख्ख्या सोलापुरात कुणाची न्हाय, असं मी गल्लीत सांगत फिरायचो. देवळाकडं पाय वळायचे ते मात्र परसादाचा वास आला तरच.

आमच्या गल्लीतले डॉक्टरसाहेब जाऊन आता वर्सं झाली, पण त्यांचं नाव निघालं की हात जोडले जातात. माणूस लई छंदी. घड्याळं खोलायचे, कबुतरं पाळायचे, क्लॅरनेट वाजवायचे, अन् रविवारी सायकलला गळ बांदून हिप्परग्याच्या तळ्यावर मासे धरायला जायचे. आमी लिंगायत, मासा दिसला तरी तोंड फिरवणार. मी म्हणायचो, "ह्यांच्या औषधालाबी वशाट वास येतो." घ्यायचो मात्र त्यांचंच.

दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. रविवारी सकाळी धाकट्या पोरीनं चिंचोका तोंडात टाकला, तो घशात अडकला. श्वास शिट्टीवानी वाजाय लागला, ओठ निळे पडले. दवाखान्याला कुलूप. माजी अक्कल तितंच संपली. पोरीला उचललं अन् देवळाकडं पळत सुटलो, मागनं बायको. वाटंत नवस बोलत हुतो, तोबी धड सुचंना. एकच नारळ परत परत कबूल करत हुतो.

देवळाच्या फाटकापाशी डॉक्टरसाहेब उकिडवे बसलेले. सायकलची साखळी पडली हुती. पोरीला बघितलं, पालथी धरून पाठीत थापा दिल्या. चिंचोका हलंना. मग हात धोतराला पुसून त्यांनी पिशवीतनं लांब, बारीक चिमटा काढला, माशाच्या घशातनं गळ सोडवायचा.

अन् मी शाणा म्हणालो, "साहेब, तो माशाचा हाय की."

"डोकं धर तिचं. हलू दिऊ नको."

धरलं. चिंचोका बाहेर आला अन् पोर रडली. तसलं गोड रडणं मी परत कदी ऐकलं न्हाय. मी साहेबांच्या पायावर पडलो, तर त्यांनी नुसतं कळसाकडं बोट केलं अन् साखळी बसवाय लागले.

साखळी कुणी पाडली, मला ठावं न्हाय. मला सुचलं ते सगळं चुकीचं, तरी पोर वाचली. तवापासनं देवाला एवढंच म्हणतो, तू कुटल्याबी रूपात ये बाबा, मी इचारणार न्हाय.

त्याच दिवशी संध्याकाळी मी गल्लीत सांगाय लागलो, "माजी हाक ऐकून सिद्धराम धावला."

बायको उंबऱ्यात बसून पोरीला भात भरवत हुती. मानबी वर न करता म्हणाली, "तुमची कुटली हाक? तुमी तर चिमट्याला नाक मुरडत हुता."