निवडलेला असेल तर देवच आणील

गेल्या बुधवारी संध्याकाळी मांडवीत सुलोचनाबाईंच्या बंद घराच्या पायरीवर गणपत तांडेल बसलेला दिसला, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला... कुलूप बघतोय हा!

माझा स्वभावच तसा आहे, काय करू. भाजीवाल्याने एक टोमॅटो फुकट टाकला तरी मी तो उलटून पालटून बघते.

आधीचं थोडं सांगते. आम्ही रत्नागिरीतली आठ-दहा ख्रिस्ती कुटुंबं दर बुधवारी कुणाच्या तरी घरी जमतो. प्रार्थना, बायबलमधल्या वचनाचा अभ्यास, मग चहा. बरेच दिवस सुलोचनाबाईंकडेच जमत होतो.

पावसाळ्यात मासेमारी बंद असताना हा गणपत यायला लागला. खारवी माणूस, होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा सगळा कारभार त्याच्या हातात. दारात चपला काढून मागे कोपऱ्यात बसायचा. वाचायची पाळी आली की "तुमीच वाचा, बाय" म्हणून शेजारच्याकडे सरकवायचा.

का येतो हा? कुणी बोलावलं नाही, कुणाच्या ओळखीचा नाही. आजकाल दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीतच आहे... उद्या कुणी म्हणालं, ह्यांनी आमच्या माणसाला फूस लावली, तर निस्तरणार कोण? की कुणी पाठवलाय ह्याला, कोण कोण येतं ते बघायला? मी तर तो चहा पीत असतानाही नजर ठेवून असायची.

त्यात बंदी संपायला आली तेव्हा आमच्यात एक वाद पेटला. आमचे पीटरमामा पोफळीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले, आणि मत एकदम ठाम. माणूस आतून इतका नासलेला की आपणहून देवाकडे वळूच शकत नाही. ज्यांचं तारण व्हायचं, म्हणजे ज्यांची पापातून सुटका व्हायची, त्यांना देवाने आधीच निवडलंय.

रूथ, आमच्यातली शाळेत शिकवणारी, ती उसळली. मग एखादा मनापासून शोधत आला आणि त्याची निवडच नसली तर? देव काय त्याला दारातून परत पाठवणार? मामा म्हणाले, मनापासून शोधतोय ना, म्हणजे देवानेच त्याला हलवलंय. "आणि मनापासून आहे की नाही ते ठरवणार कोण? तुम्ही?" रूथ काही ऐकेना.

एरवी असल्या वादात मला जांभया येतात. त्या दिवशी मात्र माझ्या कामाचं काहीतरी सापडलं.

सुलोचनाबाई लेकीकडे पुण्याला निघालेल्या. पुढच्या बुधवारपासून जमायचं होतं गावाच्या नाचणे भागात, आमच्या घरी. बाहेर कुणाची तरी गाडी अडली म्हणून गणपत आपली स्कूटर बाजूला घ्यायला गेला, आणि तेवढ्यात मी म्हणाले, "नाचण्याचं त्याला सांगू नका. निवडलेला असेल तर देवच आणील."

रूथने डोळे वटारले. मामा मात्र विचारात पडले आणि म्हणाले, तत्त्वाला धरून आहे. झालं! पुढचे दोन बुधवार गणपत आला नाही. मी मनात म्हटलं, बघा... मला काय म्हणायचं होतं.

आणि तिसऱ्या बुधवारी, म्हणजे गेल्या, मांडवीतल्या बेकरीतून खारी घेऊन निघाले तर हा पायरीवर. मी स्कूटर थांबवली आणि चढ्या आवाजात विचारलं, "बंद घरासमोर काय करताय हो?"

तो उठून उभा राहिला. "बाय, बुधवार ना आज."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याला वाचन फारसं जमत नाही. म्हणून तो टीपॉयवर मोबाईल ठेवून आमचं सगळं बोलणं रेकॉर्ड करायचा आणि घरी जाळी शिवताना ऐकायचा. एवढी संशयी मी, पण त्या मोबाईलचा कधी संशय आला नाही! तो स्कूटर हलवायला गेला तेव्हाही मोबाईल तिथेच होता... आणि चालू होता.

माझं तोंड एवढंसं झालं. म्हणजे नाचण्याचं त्याला पहिल्यापासून माहीत होतं. कशीबशी म्हणाले, "मग आला का नाहीत?"

"तुमी ठरवलात ना, देवच आणील म्हणून. मी आपला ऐकून आलो असतो नि तुमी समजला असतात, देवान आणलान. ती फसवणूकच झाली ना?"

तीन बुधवार तो त्या पायरीवर बसून वाट बघत होता. मासेमारी सुरू झाली तरी मालकाला सांगून होडी गुरुवारी सोडत होता. "आज शेवटचं म्हटलं. नाय आला कोण न्यायला, तर समजायचं, आपलं नाव त्यात नाय."

मला गलबलून आलं. माणूस आतून नासलेला, हे मामांचं वाक्य मी इतके दिवस ह्याच्याकडे बघत ऐकत होते. त्याने माझी परीक्षा अगदी प्रामाणिकपणे दिली होती, आणि मला तर ती घ्यायचीच नव्हती. मला फक्त तो नको होता.

"चला, बसा मागे," मी म्हटलं. तो हलला नाही. त्याने हँडलला लटकवलेल्या पिशवीकडे बघितलं.

"बाय, खरं सांगा. देवान धाडलान तुमाला, की खारी न्यायला आलात?"

हो म्हणणं किती सोपं होतं! त्याला बरं वाटलं असतं, मीही सुटले असते... पण जीभच वळेना.

"खारी न्यायला," मी म्हटलं. "तुम्ही इथे असाल हे माझ्या मनातसुद्धा नव्हतं. मला तुमचा संशय होता."

"आता खरं बोललात. चला, येतो मी," तो म्हणाला आणि आपली स्कूटर चालू करून माझ्या मागोमाग निघाला.

घरी गेल्यावर मी सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. गणपत नेहमीसारखा कोपऱ्यात बसला आणि माझ्याकडे बघून हसला.

परवा लक्षात आलं, त्याची माफी मागायची मी विसरूनच गेले... आणि त्याने ती कधीच देऊन टाकलीय. न मागता मिळते म्हणतात, ते लहानपणापासून रविवारी रविवारी ऐकत आलेय. मिळाली पहिल्यांदा.